वजाबाकीचा रकाना

अंबड, पहाटेचे पावणेपाच.
शटरबाहेर थर्मामीटर: सहा.
आत: सात.
एवढी थोरली शेड
रात्रभर जपून ठेवते तो एक अंश.

बोरस्तेशेट फोनवर म्हणाले होते,
हीटर किती लागतील तेवढंच सांगा मॅडम.
डिसेंबरपासून रेझिन सुकत नाही,
बोट लावलं की काकवीसारखी तार धरतं.
पुण्याहून बेचाळीस नग परत आलेत.
अठरा अंश हवेत.

मी टेप लावते. दुसरं टोक लहानू गांगुर्डे धरतात.
कानटोपी, वरून मफलर,
पायात मुलाचे शाळेतले जुने बूट.
लांबी चाळीस मीटर, रुंदी वीस.
उंचीला टेप पुरत नाही.
आठ लिहा ताई, ते म्हणतात,
पंखे टांगायला मीच चढलो होतो.

सहा हजार चारशे घनमीटर हवा.
माणसं वावरतात खालच्या दोन मीटरांत,
वरचे सहा मीटर कबुतरांचे,
आणि ऊब आधी त्यांच्याकडे जाते.

पत्र्याला मी सहाचा आकडा धरते
(पुस्तक सात म्हणतं, मी जरा दया केली).
आठशे गुणिले सहा गुणिले बारा:
सत्तावन्न हजार सहाशे वॉट
नुसते छपरातून आभाळाला.
विटांची भिंत त्यामानानं चिकट,
हातचं सहज सोडत नाही.
शटरखालच्या फटीत माझा पंजा उभा जातो.
इथून कुत्री येतात का?
दोन येतात, ते म्हणाले,
पण थंडीत थांबत नाहीत.

बेरीज एकशे पस्तीस किलोवॉटवर जाऊन टेकली.
या आकड्यावर शेट आधी हसतील,
मग वीजबिल आठवून गप्प होतील.

उरला वजाबाकीचा रकाना.
शेडच्या पोटात आपसूक तापतं ते वजा करायचं:
ओव्हन, कॉम्प्रेसर, मोटारी, दिवे,
आणि माणसं.
उभ्यानं काम करणारा माणूस
धरायचा दोनशे वॉट.

माणसं किती?
आता नऊ. आधी पाळीला चौसष्ट.
तीन पाळ्या, तीन ओव्हन, एकही गार पडायचा नाही.
जानेवारीतसुद्धा बनियनवर असायचो ताई,
पहाटेचा चहा नको वाटायचा.

तेव्हा इथं कुणी हीटरचा हिशेब मागितला नव्हता.

मी समासात बारीक पेन्सिलीनं लिहिते:
पंचावन्न माणसं, अकरा किलोवॉट.
ते कुठे गेले हे सूत्रात बसत नाही.
गांगुर्डे मात्र सांगत राहतात,
कोण घंटागाडीवर, कोण पेट्रोल पंपावर,
सोपान खैरनार पिंपळगावला, द्राक्षांच्या पॅकहाऊसात,
तिथं तर मुद्दाम गार ठेवतात.

सगळी शेड तापवणं परवडणार नाही, हे मला
टेप गुंडाळतानाच कळलं होतं.
कोपऱ्यात पफ पॅनलची खोली करायची,
सहा बाय चार, उंची तीन,
एका हीटरवर भागेल.
रेझिन उबेत राहील,
बाकीचे असतील तसेच.

मग रुंदीतला चार खोडून मी सहा केला.
कारण विचारलं तर: हाताळणीस जागा.
टेबलं आत, माणसं आत,
त्यांची ऊब हिशेबात जमा,
हीटर उलट लहान चालेल.
हे शेटना पटेल. गणितानं पटेल.

तुमच्यासकट नऊ ना? मी विचारलं.
नाही, मी रात्रीचा. वॉचमन.
आधी वाइंडिंगला होतो, अठरा वर्षं.
रात्री मशीन बंद, धरायचं काय मला?

रकान्यात मी लिहिलं: माणसं दहा, वजा दोन हजार.
खाली सही, तारीख.
त्र्यंबक रोडपर्यंत पोचल्यावर आठवलं,
थर्मामीटर तिथंच शटरला लटकत राहिला.