सुट्टीच्या दिवशी तीन

निरोप आला रात्री पावणेदहाला, केंद्राच्या ग्रुपवर:
उद्या दिल्लीत शपथविधी. सर्व शाळांना सुट्टी.
तालुक्याला मैदानावर मोठा पडदा.
उपस्थिती ऐच्छिक,
आणि कंसात, अपेक्षित.
त्याखाली बेचाळीस अंगठे. त्यात माझाही.

सकाळी तरी गाडी काढली.
जत सोडलं, माडग्याळ सोडलं,
पुढं वस्तीपर्यंत नुसती कुसळं आणि बाभळी.
महादेवीनं मटकी परवाच भिजत घातलेली
आणि तिच्या फोनला महिनाभर रिचार्ज नाही,
हे ग्रुपवर कुणाला सांगणार?

मटकीला मोड आले होते.
पायरीवर तिघं बसली होती.
सिद्राम, बिराप्पा, आणि पहिलीतली लगमव्वा,
जिला मराठी अजून निम्मीच येते.
"साली इल्ल?" तिनं कुलपाकडं बघत विचारलं.
आहे म्हणावं तर नाही,
नाही म्हणावं तर मी किल्ली घेऊन उभी.

बिराजदार गुरुजींचा फोन आला मैदानावरून.
मागं ढोल. "अहो मॅडम, एक दिवस!
भागाकार काय पळून जातोय होय?
मी चौथीत होतो. निकालाच्या दिवशी
मास्तरांनी घरचा रेडिओ आणून व्हरांड्यात ठेवला,
वर्ग दिले सोडून,
आख्खं गाव त्या पेटीला कान लावून.
चौथीतलं दुसरं काय आठवतंय मला? तेवढंच."

गुरुजी खोटं बोलत नाहीत.
माझ्या चौथीत कुणी रेडिओ आणला नाही
आणि मला चौथीतलं काहीच आठवत नाही.
पण गुरुजी, त्या दिवशी गाव शाळेत आलं होतं.
आज शाळेनं जीपमध्ये बसून जायचं,
आणि ज्यांना जीप नाही त्यांनी
असं काहीसं म्हणायचं होतं. रेंज गेली.

हातच्याची वजाबाकी काढली.
सिद्रामचं लक्ष नव्हतं.
"बाई, शपथ म्हंजे आईशपथ?"
तसलीच.
"मग तिला दिल्ली कशाला लागती? आन् सुट्टी?"
बिराप्पानं पाटीवरनं मान न उचलता सांगितलं,
"मोठी मानसं हाईत. इसरत्यात.
लै जनांनी बघितलं की मग ध्यानात ऱ्हातंय."

मी फळ्याकडं तोंड केलं.

आमच्याकडं रोज साडेदहाला
एकवीस उजवे हात पुढं होतात,
खडीच्या अंगणात, कोपरापासून डगमगत,
देशाला शब्द देतात
आणि आत जाऊन सातचा पाढा म्हणतात.
लगमव्वा तर अर्थ कळत नसताना देते.
बांधवांच्या जागी ती बांध म्हणते, शेताचा.
मी दुरुस्त करत नाही. बांधालाही जपायला हवंच.
त्यासाठी कुणी पडदा लावल्याचं ऐकलं नाही,
ढोल तर नाहीच.

आज ते राहिलंच होतं की.
तिघांना बाहेर काढलं. तीन हात.
उलथनं खाली ठेवून महादेवीचा चौथा.
माझा पाचवा, खडूचा.
वाऱ्यानं निम्मे शब्द करेवाडीकडं गेले.

रात्री घरी टीव्हीवर मी सगळं बघितलं.
ती लांब पायघडी, तो थांबून थांबून उच्चारलेला शब्द,
आणि खरं सांगते, गळा दाटून आला.
बिराप्पाचं खरं असेल. बघायला लागत असेल.

पण त्याआधी दुपार होती.
पोषण आहाराची वही उघडी होती.
सुट्टी असेल त्या दिवशी रकान्यात शून्य,
असा नियम.
पिंपाजवळ तीन ताटं पालथी, अजून ओली.
लगमव्वानं मटकी दोनदा घेतलेली.
मघाशी पुढं केला होता त्याच हातानं
पेनाचं टोपण काढलं.

तीन लिहिलं. अक्षरीसुद्धा.
शेऱ्याचा रकाना कोरा आहे.
सोमवारी साहेब येतील,
तोवर काहीतरी सुचायला पाहिजे.