तीन भोकांचा डबा

तपकीर गल्लीत लुंकड शेठनं
दोन ट्रान्झिस्टर कागदात बांधून दिले,
जुने, जर्मेनियमचे,
हिंगाची पुडी बांधावी तसे.
"जास्त तापवू नका, मरतात."

डबा बाबांचा.
अ‍ॅल्युमिनियमचा, खडकीच्या फॅक्टरीत
एकतीस वर्षं त्यांच्यासोबत पहिली पाळी केलेला.
झाकणावर खिळ्यानं कोरलेला टोकन नंबर,
चार-शून्य-नऊ.
विचारलं तेव्हा म्हणाले, घे.
ड्रिल लावलं तेव्हा उठून गॅलरीत गेले.

पहिला सांधा गोळा झाला,
मळकट, शेंबड्या पोरासारखा.
दुसऱ्याला बोट भाजलं.
तिसऱ्याला कळलं, कथिल ढकलायचं नसतं,
तार तापली की ते आपणहून धावतं.
ह्या वाक्याला मी उगाच मोठं करणार नाही.
बोट दुखत होतं, एवढंच.

संध्याकाळचे सात.
बॅटरी जिभेला लावून पाहिली, जिवंत.
गिटार जोडली, पायानं बटण दाबलं,
काही नाही.
आराखडा सुलटा पाहिला, उलटा पाहिला.
एक ट्रान्झिस्टर पाय चुकवून बसला होता.
उपटला, फुंकर मारली, फिरवून लावला.

मग बटण दाबलं
आणि अँप्लिफायरमधून एक बाई बोलायला लागली.
स्वच्छ, न घाबरता.
गुलटेकडीला आज कांद्याची आवक,
बटाटा स्थिर,
माझ्या सहाही तारा गप्प
आणि बाई कोथिंबिरीपर्यंत पोचली.

बाबा दारात. कधी आले कळलं नाही.
म्हटलं, डबा अर्थला जोडायचा राहिला,
रेडिओ पकडतोय, थांबा, घालवते.
"असू दे की. मेथी येऊ दे."

मेथी झाली.
मग काळी तार डब्याच्या आतल्या अंगाला
घट्ट टेकवली,
बाई शब्दाच्या मध्येच गेली.

खालची जाड तार छेडली.
गिरणीत पट्टा चढवताना होतो तसा
आवाज आधी घसरला, मग त्यानं धरलं,
मग खोलीभर दळत राहिला.
खिडकीची काच. मांडणीतली ताटं.
वरच्या मजल्यावर जंगमांचं कुत्रं.

बाबांनी कानावर हात नाही ठेवले.
डावीकडून त्यांना तसंही कमीच येतं
फॅक्टरीपासून.
उजवा कान पुढे करून खाली बसले,
चार-शून्य-नऊवर अंगठा ठेवला.

"भोंगा असाच होता," म्हणाले,
"थोडा वरच्या पट्टीत."

मी नॉब फिरवला.

"नाही. अजून."