इतर हक्क

अख्ख्या ग्रहावर एकच दार होतं.
राखाडी पत्र्याचं, सरकताना सुस्कारा टाकणारं.
अकरा भागांत कप्तान त्यातून एकवीसदा आत-बाहेर गेला
आणि एकदाही जेवला नाही.

मी मोजलं.
डिचोलीच्या कचेरीत दिवसभर एक-चौदाचे उतारे काढते,
मोजल्याशिवाय मला झोप लागत नाही.

मालिका बंद पडली, ग्रह तसाच राहिला.
धवल-नऊ. चारशे माणसांची वस्ती,
असं कुणीतरी एका वाक्यात बोलून गेलेलं.
चारशे माणसं!
पिठाची गिरणी कुठे? मेलेल्याला कुठे नेतात?
आकाशात दोन चंद्र टांगलेत खुशाल,
मग समुद्र काय नुसता बघत बसतो?

बंदर खात्याचं भरतीचं कोष्टक आणलं.
एका चंद्राचं त्यात छापलेलंच असतं,
दुसऱ्याचं मी शेजारी पेन्सिलीने मांडलं.
आषाढातल्या एका रात्री दोघांची उधाणं एकावर एक आली
तेव्हा हिशेब सोडून चोडणला गेले,
आनिसेतच्या मानशीवर.

आनिसेत जाळ्याची गाठ सोडवत होता.
मान वर न करता म्हणाला,
"दोन चंद्र? मागीर बांद वयर काड, आनीक किदें."
मग दार दाखवलं.
भरती आली की नदीच ते लावून घेते,
ओसरली की शेतातलं पाणी आतून ढकलतं.
वीज नाही, बटण नाही,
माणसाने फळी कुजली का तेवढं बघायचं
आणि रात्री उठायचं.

घरी येऊन मी पत्र्याचं दार खोडलं.
माझ्या ग्रहावर हवेचं दार मानशीसारखं आहे,
आतली हवा बाहेरच्या वादळाला
स्वतःच कडी घालते.
बांध फुटला तर घरटी एक माणूस,
कप्तानाच्या घरचासुद्धा.
खाऱ्या चिखलात कोरगूट तगतं,
तांबडा, जाड दाणा. त्याची पेज.
सव्वीसाव्या प्रकरणात कप्तान अखेर जेवला.
सोबत काय द्यावं ते मला चार दिवस सुचेना,
शेवटी लोणच्याची फोड दिली.

वाचणारे सात जण.
त्यातले अस्नोड्याचे दंतवैद्य, डॉक्टर प्रियोळकर,
यांनी विचारलं, तिथे दात किडतात का?
म्हटलं, ऊस नाही, माड नाही, गूळ कुठला?
ते हिरमुसले.
मग मीच मधमाश्या सोडल्या त्यांच्यासाठी,
आणि त्यांनी एक दाढ काढण्याचं प्रकरण लिहिलं,
इतकं सुरेख की माझी जीभ
आठवडाभर हिरडीवरून फिरत होती.

सहा वर्षांनी मालिका परत आली.
पहिल्याच दृश्यात कप्तान, नवा चेहरा, जुना गणवेश,
कोरड्या खडकावर उभा राहून म्हणाला,
"इथे पाणी कधीच नव्हतं."

कधीच.
सातही जणांनी मला विचारलं, आता?
मला काय ठाऊक. ग्रह त्यांचा.
मी टीव्ही बंद केला आणि पेज उतू गेली ती पुसत बसले.

त्याच आठवड्यात कचेरीत कोन्सेसांवबाय आली.
भाटकाराने भाट विकलं, विहिरीसकट.
"म्हजें घर खंय आसा तें दाखय," म्हणाली.
मी उतारा काढला.
मालकाच्या रकान्यात नवं, लांबलचक नाव, दिल्लीचा पत्ता.
आणि खाली, इतर हक्क:
मुंडकार, घर क्रमांक बारा.
तिने शाईवर बोट ठेवलं.
वाचता येत नव्हतं तिला, तरी बोट बराच वेळ तिथेच.

रात्री वही उघडली.
धवल-नऊ. मालक: ते.
इतर हक्क: एक समुद्र, दोन भरत्या,
चारशे माणसं, मधमाश्या,
दंतवैद्यांची एक दाढ.

सही केली नाही. दुसरा चंद्र बाराच्या आत चढतो,
आणि तिसऱ्या मानशीची फळी
मी परवाच कुजकी लिहून ठेवली होती.