सातव्या आठवड्यानंतरचा तक्ता

दर मंगळवारी, धक्क्यावर जायच्या आधी,
मी तक्ता काढतो.
हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही.
अकरा वर्षांपूर्वी पेन माझ्याच खिशात निघालं,
तेवढंच.

आठ संघ. अर्धा मोसम संपला.
डुलुथमध्ये खिडक्यांना आतून प्लास्टिक लागलं,
सरोवर शिशाच्या रंगाचं झालं.

सगळ्यात वर, सातपैकी सहा जिंकून, गंजका नांगर.
मालक आर्विड कांगास, खनिजाच्या जहाजावर
इंजिनाला तेल घालतो.
ड्राफ्टच्या रात्री त्याने फोनवरून पंधरा नावं सांगितली,
वाण्याला यादी सांगावी तशी,
आणि त्यानंतर संघाकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.
देव काही लोकांना असं
खाटल्यावर आणून देतो.

दुसरी डेल्फिन गुडस्काय. शाळेची बस चालवते.
मुलाखतीत जो आईचं नाव घेतो
तोच खेळाडू ती घेते.
आम्ही हसायचो. आता हसत नाही.

तिसरा च्यू लोर, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारा,
पाच विजय डेल्फिनएवढेच, दशांशात मागे.
दशांशात मागे पडणं
च्यूला झोपू देत नाही.

मग स्कोगलुंड.
रोलंड आणि आयरीन एप्रिलात वेगळे झाले.
घर वाटून घेतलं, होडी विकली,
कुत्रा एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे.
संघ मात्र वाटता येईना.
गुरुवारी रात्री तो अकरा वाजता माणसं लावतो,
शनिवारी सकाळी ती बदलते,
रविवारी खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं असताना
तो पुन्हा एकाला बाहेर काढतो.
बोलत नाहीत. सगळी नोंद माझ्याकडे येते,
वेळेसकट.
सहा आठवडे हे असं.
सातव्या आठवड्यात गुरुवारी त्याने माणसं लावली
आणि शनिवारी तिने काहीच बदललं नाही.
रविवारी त्यानेही नाही.
हरले. सव्वीस पॉइंटनी.
मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

पाचवा, सहावा, सातवा:
ओविला, ग्रँट, मॉरीन.
एकाचा क्वार्टरबॅक गुडघ्यात गेला, एकाचा खांद्यात,
मॉरीनचा सरळ तुरुंगात.

आठवा मी.

माझ्याकडे वाऱ्याचा वेग आहे, गवताचा प्रकार आहे,
कोण कुणाशी किती यार्ड धावला याची वही आहे.
ज्याला बेंचवर बसवतो तो तीन टचडाउन करतो,
ज्याला खेळवतो त्याचा घोटा मुरगळतो.
एक विजय. तोही मॉरीनवर,
तुरुंगवाल्या आठवड्यात.

गेल्या रविवारी माझी गाठ आर्विडशी होती.
त्याचा किकर सुट्टीवर. जागा रिकामी.
आर्विडला माहीतच नव्हतं, आणि मी कळवलं नाही.
फोन लागला नसता, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.
त्या रिकाम्या जागेशी मी हरलो,
शून्य दशांश चारने.
म्हणजे चार यार्ड. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात
फ्रिजपासून दारापर्यंत.
मी मोजून पाहिलं. मोज्यांवर. रात्री दोनला.

शेवटच्याने जानेवारीत बर्फ फोडून डुबकी मारायची असते.
गेल्या वर्षी मॉरीन होती.
म्हणते, थंडी कळत नाही,
फक्त आपलं नाव काय ते आठवत नाही.

आज पहाटे त्याचं जहाज धक्क्याला होतं.
खनिज पन्हळीतून कोसळत होतं, कानठळ्या बसत होत्या,
आर्विड कठड्याशी मग धरून उभा,
दाढी वाढलेली.
मी खालून ओरडलो. ऐकू गेलं नाही.
मग एक बोट वर केलं:
पहिला. तू पहिला आहेस, गाढवा.
त्याने बोटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं,
एक तास उरला असं समजून
अंगठा दाखवला
आणि झोपायला आत गेला.