मेणाचा कान

रुजारीनच्या टोपलीत सगळं असतं:
हात, पाय, डोळ्यांची जोडी,
तान्हं मूल, कौलारू घर,
शिडाची होडी. ट्रॉलर मागणाऱ्यानंही तीच न्यायची.
मी विचारलं, फोन आहे का?
इनास बोटीवर आहे, सात आठवडे आवाज नाही.
तिनं टोपली ढवळली, बांगडे निवडावेत तशी.
"फोनाचो साचो नाय गो बाय.
कान व्हर. कान चलता."

वीस रुपये.

आई पायथ्याशीच राहिली, काजूच्या सावलीत,
"माझे गुडघे मागू नको तिच्याकडे," एवढं बजावून.
जांभ्याच्या पायऱ्या, एप्रिल,
पिकून पडलेल्या बोंडूंचा वास
गोड आणि थोडासा दारूचा.
उपासाच्या दिवसांत नुसता वास घेतला तर
कबुली द्यावी लागते का, कुणाला ठाऊक.

क्रुसाच्या वाटेवर सातव्या ठाण्यापाशी
येशू दुसऱ्यांदा पडतो
आणि तिथेच घाडीवहिनींचं कोकम सरबत.
सगळे तिथे बसतात.
मी मूठ उघडली तर
कानाची पाळी तळहाताला चिकटलेली,
आतली वळणं बुजत चाललेली.
वहिनींनी काही न विचारता
बर्फाचा खडा माझ्या मुठीत ठेवला.
त्यांचा देव खालच्या वाडीत राहतो,
पण पहिला ग्लास त्या दर वर्षी वर पाठवतात.

बर्फ वरच्या वळणापर्यंत टिकला.
कान नाही टिकला.
पिवळट गोळा, त्यावर माझ्या बोटांचे ठसे.

कपेलाच्या दारात रेंज येते.
सगळ्यांचे फोन एकदम वाजतात,
फादर सवयीनं प्रार्थना थांबवतात.
माझाही वाजला:
रिचार्ज संपत आल्याचा निरोप.
मागे समुद्र, इस्त्री केल्यासारखा सपाट.
त्यावर माणसं असतील असं वरून वाटत नाही.

सायबिणीपुढे गोळा ठेवला
दुसऱ्यांच्या नीटस हातापायांमध्ये.
काय मागायचं ते पाठ होतं,
तरी तोंडून निघाले ते गुडघेच.

संध्याकाळी मिंगेल सगळं मेण एका टोपात वितळवतो,
कुणाचा पाय, कुणाची होडी,
आणि रविवारी रुजारीनची टोपली पुन्हा भरते.
हे मला लहानपणापासून माहीत आहे.
तरी मी वीस रुपये दिले,
तरी मी ती मूठ वरपर्यंत सोडली नाही.

खाली आई वाट बघत होती.
"काय म्हणाली?"
"वर रेंज आहे," मी म्हटलं,
आणि तिला हात देऊन उठवलं.
उठताना ती कण्हली,
नेहमीसारखीच.