मधली जागा

आचाओच्या रेडिओ केंद्रात रात्रीचे दोन.
शेगडीवर किटली,
आणि फिदेलिना ओयार्सो जुनी डिस्क आवरते आहे.

एलेउतेरिओ बार्रिया यांनी तीस वर्षं
बेटांना निरोप वाचून दाखवले:
एर्मिंदाला कळवा, मेंढी व्याली, दोन्ही जगली.
ओनोफ्रेच्या आईला कळवा, बोट गुरुवारी. शुक्रवारी नाही.
फायलींना नावंही दिली बोलतात तशीच,
मध्ये श्वास घेत.

शेलला श्वास कळत नाही.
जागा दिसली की तिथे तो सुरी चालवतो.
ओनोफ्रे नावेल काइकेन हा एकच माणूस,
त्याचं नाव, मग बापाचं घराणं, मग आईचं,
पण शेलच्या दाराशी तीन अनोळखी होऊन उभा राहतो
आणि उत्तर येतं, असं कोणी इथे नाही.
तीनदा.

मोडी लिहिणारा कारकून त्याला आवडला असता:
बोरू उचलायचा नाही,
शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने बघावं.

फिदेलिनाला हे सगळं ठाऊक.
दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं,
नाहीतर जागेआधी एक उलटी तिरपी रेघ;
नव्या पोरांना तीच शिकवते.
पण दोन वाजले होते.
‘बार्रिया प्रत’ नावाचं जादा फोल्डर काढायचं होतं.
तिने लिहिलं, पुसून टाक, आतल्या सगळ्यासकट,
बार्रिया,
जागा,
प्रत.
एंटर.

‘प्रत’ सापडत नाही, शेल म्हणाला.
बार्रियाबद्दल अवाक्षर नाही.
काम फत्ते झालं की तो बोलत नसतो.

किटली उतू गेली, तिने उतरवली नाही.
खूप वेळाने यादी मागवली.
बार्रिया नव्हता.
‘बार्रिया प्रत’ होती,
जशीच्या तशी, एकशे बारा निरोपांसकट.
जिच्यावर वार करायचा होता
तिच्या नावातल्या फटीतून तो निसटला
आणि मुळावर पडला.
म्हणजे आता हीच मूळ.

तिने नाव बदललं नाही.
जागाही बुजवली नाही.
एक फाइल लावली. कागद उलटल्याचा आवाज,
खोकला, आणि मग बराच वेळ काहीच नाही,
म्हातारा चष्मा शोधत असावा.

सकाळी साडेसहाला, बातम्यांच्या आधी,
तिने तोच निरोप हवेत सोडला.
बोट गुरुवारी. शुक्रवारी नाही.

सात वाजता केनाक बेटावरून एका बाईंचा फोन:
कुठल्या गुरुवारी?