वजनावर

सतरा वर्षांचा पत्रा. रस्त्यावरून बरा दिसायचा.
गिरणीत उभं राहून मान वर केली
की चाळणी.

एका भोकातून ऊन पडायचं, रुपयाएवढं.
सकाळी मीटरच्या पेटीवर, मग भिंतीवरून उतरत
चाड्याच्या कडेला आलं की बारा.
मी पट्टा थांबवायचे, भाकरी सोडायचे.
पावसात त्याच भोकातून थेंब,
थेट लोकांच्या तांदळाच्या पिठात.
पिठाची खळ झाली की बायका काही बोलत नाहीत,
पुढच्या वेळी तळमावल्याला जातात.

कऱ्हाडला गेले. हायवेला दुकान.
कांतीशेठनी टिचकी मारून दाखवली,
"ऐका ताई, पॉइंट पन्नास. कंपनीचा माल,
कडेला जरा चेपलाय, म्हणून स्वस्त."
टिचकीला काय, रिकामा डबाही वाजतो.
म्हटलं, काट्यावर ठेवा.
"पत्रा कुणी जोखतं का?"
मी जोखते.
बावीस वर्षं दुसऱ्यांचं धान्य जोखतेय,
मूठभर कमी आलं तर माझ्या हाताला कळतं.

दहा फुटी पत्रा. काटा थरथरला
आणि दहा किलोवर थांबला.
पन्नासचा असता तर चौदाला टेकला असता.
पोरानं आदल्या रात्री वहीच्या पुठ्ठ्यावर
लांबी रुंदी जाडी मांडून दिली होती,
तो पुठ्ठा मी पिशवीतून काढलाच नाही.
शेठनी पंखा माझ्याकडं वळवला.
"पस्तीसचा असेल मग. पोरं शिक्के मारतात."
मग भावही पस्तीसचा लावा, चार द्या पडवीला.
आणि आत, त्या ताडपत्रीखाली जे आहेत
ते खरे आठ काढा.
चहा आला. चहात साखर जास्त होती.

दस्तगीर मुलाणी टेम्पोतून माल उतरवतानाच ओरडला,
"भिजलेलं एकावर एक रचू नका वैनी,
जस्ताला पांढरी बुरशी धरतीय!"
तिरके उभे केले, मधे मधे काठ्या.
कापायला कात्री. ग्राइंडर त्यानं आणलाच नव्हता,
ठिणगी पडंल तिथं जस्त जळतंय, म्हणाला.
स्क्रू उंचवट्यावर, नाल्यात एकही नाही.
"पाणी नाल्यातनं जातंय.
भोकाचा पत्ता त्याला कशाला सांगायचा?"
रबराचा वॉशर दबेपर्यंत आवळायचा,
फाटेपर्यंत नाही. हे त्यानं सोन्याला तीनदा सांगितलं
आणि चौथ्यांदा टपली मारून.

दिवस मावळताना खाली उतरला, परत वर चढला.
"झाडणी द्या. मऊ."
घरात मऊ एकच, पिठाचा कुंचा.
त्यानं सगळा कीस झाडून काढला,
बर्म्यानं पाडलेला, चांदीसारखा, नखाएवढाही नाही.
"हा रातभर दवात ऱ्हायला
तर सकाळी तांबडं ठिपकं.
मग तुम्ही शेठला शिव्या देणार,
चूक माझी असून."
कापलेल्या कडांना मी जस्ताचा रंग लावला,
शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून.
पाचवीवर जायला भीती वाटते. अजून.

आता वर पाऊस वाजतो तेव्हा
गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकू येत नाही,
बोटं दाखवून दळण सांगतात:
जाड, बारीक, आंबोळीचं.
पीठ कोरडं. कुंच्यात मात्र
एखादा लोखंडाचा कण राहिला असेल म्हणून
मी नवा कुंचा घेतला.

परवा दीड वाजला तरी पट्टा फिरतच होता.
सुलाबाई जंगमांनी विचारलं, आज जेवण नाही का?
मी भिंतीकडं पाहिलं.
भिंत होती, नुसती.

जुन्यातला तो एक पत्रा भंगारात दिला नाही.
जळणावर आडवा टाकलाय, मागच्या अंगणात.
भोक कुठल्या अंगाला ठेवू, दस्तगीर विचारत होता,
मी म्हटलं, राहू दे कसंही.
काल उघडीप होती.
कोंबडी बसली होती त्या उन्हाच्या रुपयावर,
तो सरकला की
तीही सरकत होती.